सर्फबोर्डातल्या ‘स्ट्रिंगर’ला मराठीत काय म्हणावं?

घरच्या घरी सर्फबोर्ड (समुद्राच्या लाटांवर उभं राहून घसरत जायची फळी) कसा बनवायचा, यावर मराठीत लिहायला घेतलेल्या एका वाचकाचा प्रश्न आहे. फोमच्या बोर्डात नाकापासून शेपटीपर्यंत मधोमध एक पातळ लाकूड असतं, त्याला इंग्रजीत स्ट्रिंगर म्हणतात. त्याला मराठीत ‘कणा’ म्हटलं तर चालेल का, की दुसरा बरा शब्द आहे?

माझं मत ‘रीप’ या शब्दाला आहे. जिथे घोटाळा होईलसं वाटेल तिथे ‘उभी रीप’ म्हणावं.

‘कणा’ कानाला चांगला लागतो आणि त्या लाकडाचं काम समजावून सांगताना जरूर वापरावा. लाटेच्या माऱ्याने बोर्ड मधोमध मोडू नये, पायाखाली फार लवू नये, यासाठीच ते लाकूड असतं. पण त्या भागाचं नाव म्हणून ‘कणा’ अडचणीत आणतो. कणा एकच असतो आणि मधेच असतो. लांब बोर्डांत तीन-तीन स्ट्रिंगर घालतात. काही बोर्डांत मधे काहीच नसतं, दोन्ही कडांच्या वळणाने एकेक लाकूड जातं. मग ‘तीन कणे’ किंवा ‘कडेचा कणा’ असं लिहायची वेळ येते. शिवाय कणा म्हटलं की सगळा डोलारा त्याच्यावरच उभा आहे असं वाटतं. इथे तसं नाही. काचतंतूंचं कापड आणि रेझिन (त्यावर ओतल्यावर कडक होणारा चिकट द्रव) यांचं वरचं कवच मोठा भार घेतं, आणि स्ट्रिंगरशिवायचे बोर्डही बनतात.

होड्या बांधणाऱ्यांच्या भाषेतला ‘पठाण’ कुणी सुचवेल. तो तर नकोच. पठाण होडीच्या तळाशी असतो आणि त्याच्यावर बाकीचा सांगाडा उभा राहतो. आपलं लाकूड फोमच्या आत, वरच्या-खालच्या दोन्ही पृष्ठांच्या पातळीत असतं. ‘स्ट्रिंग’वरून ‘दोरी’कडे जाणंही चुकीचं होईल. जहाजाच्या, विमानाच्या सांगाड्यात लांबीच्या दिशेने जाणाऱ्या आधारांनाही इंग्रजीत स्ट्रिंगरच म्हणतात, तेव्हा त्या शब्दातला महत्त्वाचा भाग ‘लांबीने गेलेला आधार’ हा आहे. दोरी ताण सोसते, दाबाखाली मात्र ढिली पडते. त्यात सर्फबोर्डाला खरीच दोरी असते, घोट्याला बांधायची. एकाच लेखात दोन दोऱ्या आल्या तर वाचणाऱ्याचा गोंधळ उडेल.

पतंगाची कामटी कामाने अगदी जवळची आहे, पण कामटी म्हटली की बांबू आला. ‘पट्टी’ फार मोघम आहे. बोर्डाच्या कामात काचकापडाच्याही पट्ट्या येतात.

रीप मात्र नेमकी बसते. कौलारू घरात वाशांवर आडव्या ठोकतात आणि ज्यांच्यावर कौलं टेकतात त्या रिपा कोकणात, गोव्यात कुणाला सांगाव्या लागत नाहीत. हा शब्द पोर्तुगीज ‘रिपा’वरून आपल्याकडे आला, अर्थ तोच: लाकडाची लांब, अरुंद पट्टी. म्हणजे लाकूड, लांबी आणि अरुंदपणा, तिन्ही गोष्टी एकाच शब्दात आल्या. शिवाय वखारीत जाऊन हा शब्द उच्चारला तर हवी ती वस्तू हातात पडते. हाताने करायच्या कामाबद्दल लिहिताना मला हे फार मोलाचं वाटतं.

एक फरक मात्र लिहायलाच हवा. छपरावरची रीप बहुधा आडवी, सपाट बसते. बोर्डातली रीप धारेवर उभी असते. तिची जाडी साधारण 3 ते 6 मिलिमीटर, उंची मात्र बोर्डाच्या जाडीइतकी, म्हणून वरून पाहिलं तर नुसती रेघ दिसते. हे उभेपण शोभेसाठी नाही. लाकूड लवण्याला जो विरोध करतं तो रुंदी दुप्पट केली तर दुप्पट होतो, उंची दुप्पट केली तर आठपट. तुळई धारेवर ठेवतात ती याचसाठी. म्हणून ‘उभी रीप’.

क्रियापदाचाही विचार करा. ‘रीप घालणे’ म्हटलं की खाच पाडून आत सरकवल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात फोमचा ठोकळा लांबीने उभा चिरून दोन भाग करतात, मधे रीप धरतात, दोन्ही बाजूंना गोंद लावून शिकंज्यांनी आवळतात. याला ‘रीप सांधणे’ म्हणणं योग्य. ही रीप सरळही नसते. बोर्डाच्या नाकाकडे आणि शेपटीकडे जी उचल असते, तिला मी ‘बाक’ म्हणेन, तो आधी फर्म्यावरून (कापून ठेवलेल्या नमुन्यावरून) रिपेवर उतरवून कापला की फोम त्या रिपेच्या धारेबरहुकूम तासता येतो. घरी बनवणाऱ्याला रिपेचा हा दुसरा उपयोग ताकदीइतकाच मोठा आहे: मध्यरेषाही मिळते आणि बाकही.

बोर्ड एकाच फळीचा असायचा तेव्हा हा प्रश्न नव्हता. हवाईतले जुने आलाया बोर्ड एकसंध फळीचे. कॅलिफोर्नियात 1950च्या दशकाच्या शेवटी होबी ऑल्टर आणि गॉर्डन क्लार्क या बोर्ड बनवणाऱ्यांनी बाल्साचं हलकं लाकूड सोडून पॉलियुरेथेन फोम धरला. बोर्ड हलके झाले, पण फोमला लाकडाची ताठरता नव्हती, ती मधल्या रिपेने दिली.

जाता जाता, तुमच्या मसुद्यात रेझिनसाठी ‘राळ’ आहे ती काढा आणि रेझिनचं पूर्ण नाव लिहा. थर्माकोलच्या बोर्डाला इपॉक्सीच लागतं. पॉलिएस्टर रेझिन लावलं तर त्यातलं स्टायरीन थर्माकोल विरघळवून टाकतं. इथे मोघम शब्दाने कुणाचा तरी बोर्ड वाया जाईल.

पहिल्या उल्लेखात ‘उभी रीप, म्हणजे स्ट्रिंगर’ असं लिहून पुढे नुसतं ‘रीप’ ठेवा: ‘मधली रीप’, ‘कडेच्या रिपा’, ‘रिपेचा बाक’. आणि घासण्याच्या भागात हे वाक्य असू द्या: ‘पॉलिशपेपरने फोम लवकर झिजतो आणि रीप वर उरते, म्हणून आधी छोट्या रंध्याने रीप फोमच्या पातळीला आणा, मग घासा.’