दूध-तूप सोडलंय, तर पाकिटावरचा हिरवा ठिपका पुरेसा आहे का?

नाही, कारण हिरव्या ठिपक्यात दूध, तूप, मध आणि गोळ्या-चॉकलेटला चकाकी देणारी, किड्यांपासून मिळणारी लाखसुद्धा चालते. मांस, मासे, अंडी मात्र चालत नाहीत. आम्ही घरी तीन वर्षं पाकीट उलटून घटकांची यादीच वाचतो: ‘मिल्क सॉलिड्स’, ‘व्हे’, ‘केसिन’ असं दुधातलं काही दिसलं की परत फळीवर. ठाण्याच्या नौपाड्यात साध्या बिस्किटाच्या पुड्यावरही बारीक अक्षरांत यातलं पहिलं सापडलं. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा व्हिगन, म्हणजे प्राण्यांपासूनचं काहीच नसलेल्या पदार्थांसाठी वेगळा हिरवा ‘व्ही’ आहे, २०२२च्या नियमांतला. तो नसला म्हणून माल बाद नाही. वाशी मार्केटच्या सुट्या नाचणीवर कसला लोगो! फक्त बी१२ जीवनसत्त्व डाळी-भाज्यांतून मिळत नाही, त्याची गोळी डॉक्टरांना विचारून सुरू करा.