मॅरेथॉनची तयारी आणि खिशातली गोळी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मुंबईची मॅरेथॉन सहसा जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. त्यामुळे दिवाळी सरली की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत हौशी धावकांची पत्रे एकदम वाढतात, आणि दरवर्षी तोच गोंधळ नव्या हस्ताक्षरात येतो. क्रीडावैद्यक म्हणून मी स्पर्धांच्या वैद्यकीय कक्षात बरीच वर्षे काम केले आहे. त्यामुळे यातल्या काही पत्रांचा शेवट कुठे होतो, हे मी समोर पाहिले आहे. या वेळी त्यातील आठ प्रश्न निवडले आहेत.

मी ३६ वर्षांची असून दोन वेळा अर्धमॅरेथॉन पूर्ण केली आहे. सध्या आठवड्याला साधारण २० किलोमीटर धावते. आठ आठवड्यांत पूर्ण मॅरेथॉनची तयारी होईल का? (डोंबिवली)

होणार नाही. या वर्षी अर्धमॅरेथॉनच नीट धावा. पूर्ण ४२.१९५ किलोमीटरच्या तयारीसाठी पुढच्या वर्षी १६ ते २० आठवडे मोकळे ठेवा.

दुकानात यंत्रावर पाऊल तपासून ‘तुमचे पाऊल सपाट आहे’ असे सांगण्यात आले आणि कार्बन प्लेटचे (तळात कार्बनची कडक पट्टी बसवलेले) १८ हजारांचे बूट सुचवले गेले. मी मॅरेथॉन सव्वापाच तासांत पूर्ण करतो. हे बूट घ्यावेत का? (पुणे)

सपाट पाऊल हा आजार नाही. वर्षानुवर्षे सपाट पावलांनी विनातक्रार धावणारी माणसे मी रोज पाहतो. कार्बन प्लेटच्या बुटांनी सुमारे ४ टक्के ऊर्जा वाचते, हा आकडा ज्या प्रयोगातून आला तो निष्णात धावकांवर, ताशी १४ ते १८ किलोमीटर वेगाने केलेला होता. हा वेग मॅरेथॉन साधारण तीन तासांत किंवा त्याहून लवकर संपवणाऱ्यांचा आहे. तुमचा वेग ताशी ८ किलोमीटर आहे. विक्रेता तो आकडा सांगतो आणि वेगाचा उल्लेख गाळतो, याचा मला मनापासून राग येतो. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना दुकानात जा, बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा राहील असा साधा, आरामशीर बूट घ्या आणि स्पर्धेपूर्वी तो लांब पल्ल्याच्या तीन-चार सरावांत वापरा. पाऊल किंवा टाच दुखत असेल, तर मात्र दुकानातील यंत्राकडे न जाता अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा.

माझे वय ४१ आहे. गेल्या महिन्यापासून डाव्या नडगीत दुखते. आमच्या गटातील एक अनुभवी धावक स्पर्धेच्या सकाळी एक आणि अर्ध्या वाटेवर दुसरी वेदनाशामक गोळी घेतात. भरपूर पाणी प्यायले की गोळी बाधत नाही, असे ते सांगतात. मीही तसे करावे का? (ठाणे)

करू नये. या प्रश्नात तीन वेगवेगळे धोके एकत्र आले आहेत, म्हणून मी सविस्तर लिहितो. ज्यांच्या धावण्याच्या पट्ट्यात गोळ्यांची पट्टी असते, त्या सर्वांनी हे उत्तर आपल्यालाच लिहिले आहे असे समजावे.

पहिला धोका मूत्रपिंडाचा. तासन्‌तास धावताना रक्ताचा मोठा वाटा पायांच्या स्नायूंकडे आणि त्वचेकडे वळतो आणि मूत्रपिंडांच्या वाट्याला कमी रक्त येते. तेवढ्या तुटपुंज्या रक्तावर काम भागावे म्हणून मूत्रपिंड प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार करून आपल्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन या गोळ्या वेदना कमी करतात, त्या नेमकी हीच द्रव्ये रोखून. म्हणजे ज्या चार-पाच तासांत मूत्रपिंडाला त्यांची सर्वाधिक गरज असते, त्याच तासांत आपण ती बंद पाडतो. त्यात घामाने शरीरातील पाणी घटलेले असते आणि दमलेल्या स्नायूंतून सुटलेली द्रव्ये गाळण्याचे जादा काम पडलेले असते. स्पर्धेनंतर लघवी गडद चहाच्या रंगाची झाली किंवा बराच वेळ झालीच नाही, तर घरी वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

दुसरा धोका त्या ‘भरपूर पाण्या’चा आहे, आणि तो ऐकीव सल्ल्यामुळे अधिक पसरला आहे. रक्तातील सोडियमचे प्रमाण लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल असावे लागते. घामावाटे जाते त्याहून अधिक पाणी प्यायले की ते पातळ होते, मेंदूला सूज येऊ लागते आणि माणूस दगावू शकतो. वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाची पाणी बाहेर टाकण्याची क्षमता कमी करतात, म्हणजे गोळी आणि पाणी हे एकमेकांवरचे उतारे नसून एकाच दिशेने ढकलणारे दोन हात आहेत. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये स्पर्धेनंतर ४८८ धावकांचे रक्त तपासले गेले, तेव्हा १३ टक्के जणांचे सोडियम १३५ किंवा त्याखाली आढळले. त्यांच्यात ठळकपणे दिसलेली गोष्ट म्हणजे धावताना वाढलेले वजन. चार तासांहून अधिक वेळ धावणाऱ्यांना हा धोका जास्त असतो, कारण ते सावकाश जातात आणि पाण्याच्या प्रत्येक टेबलावर थांबतात.

एका स्पर्धेच्या वैद्यकीय कक्षात साडेपाच तासांनी पोहोचलेले एक गृहस्थ खाटेवर बसलेले मला आठवतात. अंगठी बोटात रुतली होती आणि घड्याळाचा पट्टा काढल्यावर मनगटावर खोल वळ दिसत होता. ते स्वच्छ पाणी ओकत होते. स्वतःचे नाव त्यांनी बरोबर सांगितले, पण आपण कोणत्या शहरात आहोत हे त्यांना सांगता येईना. एक स्वयंसेवक कळवळ्याने पाण्याची बाटली त्यांच्या ओठांना लावत होता आणि दुसरा साधे सलाइन लावण्याच्या तयारीत होता. त्या दोघांनाही थांबवावे लागले. त्या गृहस्थांनी सुरुवातीपूर्वी दोन वेदनाशामक गोळ्या घेतल्या होत्या आणि वाटेत प्रत्येक टेबलावर दोन पेले पाणी प्यायले होते. रक्त तपासले तेव्हा सोडियम १२२ निघाले. ३ टक्के तीव्रतेचे, म्हणजे साध्यापेक्षा अधिक खारट, सलाइन देऊन त्यांना रुग्णालयात पाठवले आणि ते सुखरूप घरी गेले. हा माणूस उन्हाने कोरडा पडला आहे, असे समजून आणखी पाणी दिले गेले असते, तर काय झाले असते याचा विचार मी आजही करतो. तहान लागली की प्यावे आणि तहान भागली की थांबावे, एवढेच करा. मिठाच्या कॅप्सूल विकणारे सांगतात तसे त्या अतिरिक्त पाण्याची भरपाई करत नाहीत. क्षारयुक्त पेयांतही सोडियम रक्ताच्या मानाने खूपच कमी असते, म्हणून तीही बेसुमार प्यायल्यास तोच परिणाम होतो.

तिसरा धोका तुमच्या नडगीचा, आणि तुम्ही त्यात महिना घालवला आहे. दुखण्याची जागा दाखवताना तुमचा तळवा नडगीवरून लांबवर फिरतो की एकच बोट एका बिंदूवर टेकते? बोट एका बिंदूवर टेकत असेल, तिथे दाबल्यावर कळ येत असेल आणि चालताना किंवा रात्रीही दुखत असेल, तर हाडाला बारीक चीर गेली असण्याची, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चरची शक्यता गृहीत धरावी लागते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये ते बहुधा दिसत नाही, म्हणून ‘एक्स-रे स्वच्छ आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका आणि एमआरआयची गरज आहे का, हे डॉक्टरांना विचारा. गोळी घेऊन धावल्यास हाडाची सूचना तेवढी बंद होते, चीर मात्र वाढत राहते. पॅरासिटामॉललाही हे लागू आहे. या आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञ किंवा क्रीडावैद्यकांना भेटा आणि तोवर धावणे बंद ठेवा. ज्यांना जांघेत खोलवर दुखते त्यांनी आठवडाही थांबू नये, कारण मांडीच्या हाडाच्या मानेतील चीर पूर्ण तुटली तर शस्त्रक्रिया करावी लागते.

रविवारी लांब पल्ल्याचा सराव असतो आणि कधी कधी त्याच दिवशी एकादशी येते. उपवासात धावले तर चालेल का? (नाशिक)

साबुदाणा, रताळे, बटाटा, केळी आणि खजूर यांतून धावण्यास लागणारे पिष्ट आणि साखर मिळते, त्यामुळे ते खाऊन धावण्यास निरोगी व्यक्तीला हरकत नाही. दाण्याचे कूट आणि तूप मात्र बेताचे ठेवा. निर्जळी उपवासात लांब पल्ला मुळीच धावू नका, तो सराव एक दिवस पुढे ढकला. मधुमेह किंवा गर्भारपण असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला.

वडील ५८ वर्षांचे आहेत, त्यांना रक्तदाब आणि मधुमेह आहे. चढावर धावताना छातीवर दडपण येते आणि थांबल्यावर दोन मिनिटांत जाते. ते पित्त आहे म्हणतात. गेल्या वर्षीचा ईसीजी चांगला होता. तपासणी स्पर्धेनंतर करू, असा त्यांचा आग्रह आहे. (छत्रपती संभाजीनगर)

त्यांचे धावणे आजपासून बंद करा आणि उद्याच्या उद्या हृदयरोगतज्ज्ञांची वेळ घ्या. श्रमाने येणारे आणि विश्रांतीने जाणारे दडपण हे हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचे लक्षण समजूनच तपासावे लागते. पित्ताचा विचार त्यानंतर. आडवे झोपवून काढलेला ईसीजी चांगला असला तरी हा आजार नाही असे सिद्ध होत नाही, कारण त्या वेळी हृदयावर श्रमाचा भार नसतो. तोही वर्षापूर्वीचा आहे. बसल्या जागी दडपण आले, घाम सुटला, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ गेली, तर वेळ घेण्याची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. मधुमेहाची काही औषधे लांब धावण्याच्या दिवशी साखर फार खाली नेतात. तज्ज्ञांनी पुढे धावण्याची परवानगी दिली, तर त्यांच्याकडूनच या औषधांची मात्राही ठरवून घ्या.

मी २४ वर्षांची आहे. सराव वाढवल्यापासून वजन ५४ वरून ४७ किलोवर आले आणि चार महिने पाळी आलेली नाही. कसून सराव करणाऱ्या मुलींमध्ये हे नेहमीचेच असते, असे प्रशिक्षक म्हणतात. (कोल्हापूर)

अनेकींमध्ये आढळते, म्हणून ते ठीक ठरत नाही. तुम्ही खर्च करता तेवढे खात नाही, आणि शरीराने काटकसर म्हणून आधी पाळी थांबवली आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला ‘खेळातील सापेक्ष ऊर्जा-कमतरता’ अशा अर्थाचे नाव दिले, ते तिचे परिणाम पाळीपुरते नसतात म्हणूनच. इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटल्यामुळे हाडे विरळ होतात, आणि हाडे भक्कम होण्याच्या वयात झालेला तोटा पुढे पूर्ण भरून येईलच असे नाही. तीन महिने पाळी चुकली की स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटायला हवे होते. आता भेटा. त्या गर्भधारणा, थायरॉइड, प्रोलॅक्टिन या संप्रेरकाची वाढ अशी इतर कारणे तपासतील. पाळी आणण्यासाठी परस्पर गोळ्या घेऊ नका, त्यांनी रक्तस्राव होईल, पण मूळ कमतरता तशीच राहील. तुमच्या प्रशिक्षकांनी हे उत्तर वाचावे, अशी माझी विनंती आहे.

डेंग्यू होऊन तीन आठवडे झाले. प्लेटलेट आता सामान्य आहेत. सराव सुरू करू का? (नागपूर)

आधी तुमच्या फिजिशियनना भेटा. त्यांनी होकार दिला, तर पहिला आठवडा फक्त चाला. यापुढेही ताप असताना आयब्युप्रोफेनसारखी गोळी स्वतःहून घेऊ नका, कारण ताप डेंग्यूचा निघाला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

स्पर्धेच्या बिबच्या (छातीवर लावायच्या क्रमांकाच्या कागदाच्या) मागे वैद्यकीय माहिती भरायला सांगतात. कुणी वाचते का? (सातारा)

वाचतात. बेशुद्ध धावक आमच्याकडे आला की आम्ही आधी बिब उलटा करतो. घामाने शाई फुटते, म्हणून बॉलपेनने लिहा. नाव, घरच्या माणसाचा फोन, आजार, ॲलर्जी आणि रोजची औषधे लिहा. एवढे वाचूनही त्या सकाळी वेदनाशामक गोळी घेतलीच, तर तिचे नाव आणि वेळही त्याच जागी लिहून ठेवा.