हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरमधले मास्टर: एडिटचे हक्क कोणाला द्यावेत?

तुमची अडचण थोडक्यात अशी: औषधं, तपासण्या, दर, खाटा या सगळ्या मास्टरचे (म्हणजे पूर्ण सॉफ्टवेअर ज्यांवरून चालतं त्या मूळ याद्यांचे) एडिट हक्क आयटीतल्या चार-पाच जणांकडे आहेत, कोणी काय बदललं ते नंतर सापडत नाही, आणि हक्क काढले तर रात्रीचं काम अडेल अशी भीती वाटते. भीती रास्त आहे. म्हणूनच हक्क काढण्याआधी प्रत्येक मास्टरचा मालक लेखी ठरवून घ्या. औषधांची मालकी फार्मसी प्रमुखांची, तपासण्यांची लॅब प्रमुखांची, दरांची लेखा विभागाची, खाटांची नर्सिंगची. आयटीची मालकी यांपैकी एकाही मास्टरवर नको. त्यांनी युजर तयार करावेत, रोल (कोणाला काय करता येईल ते ठरवणारे हक्कांचे गट) द्यावेत. ज्याच्या हातात रोल द्यायचा हक्क आहे, त्याला मास्टर बदलायचा हक्क दिला तर मंजुरीला काही अर्थच उरत नाही. दर बदलणारा आणि बिल बनवणारा माणूसही एकच नको.

पुढची पायरी मात्र बहुतेक ठिकाणी चुकते. हक्क मास्टरनुसार वाटले जातात. ते फील्डनुसार, म्हणजे नोंदीतल्या एकेका रकान्यानुसार, वाटायला हवेत. तपासणीच्या नावातलं शुद्धलेखन सुधारणं आणि तिचं युनिट बदलणं या दोन गोष्टी एकाच स्क्रीनवर होतात, पण त्यांचे परिणाम अगदी वेगळे असतात. मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिन या रक्ततपासणीचं उदाहरण घ्या. १.२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे साधारण १०६ मायक्रोमोल प्रति लिटर. कोणी मास्टरमध्ये नुसतं युनिट बदललं, तर मशिन पूर्वीसारखंच १.२ पाठवत राहतं आणि रिपोर्टवर १.२ मायक्रोमोल छापलं जातं. युनिट पाहून ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज) काढणारं सूत्र त्या १.२ला ८८.४ने भागतं आणि खराब मूत्रपिंडही उत्तम दिसू लागतं. जुन्या रिपोर्टचं युनिट मास्टरमधूनच उचललं जात असेल, तर मागची सगळी नोंदही बिघडते. त्यामुळे युनिट, नमुन्याचा प्रकार आणि मशिनचा कोड ही फील्ड पहिल्या वापरानंतर कोणालाही एडिट करता येऊ नयेत. बदल हवा असेल तर नवी तपासणी नव्या कोडने उघडा आणि जुनी निष्क्रिय करा. लॉइंक या तपासण्यांच्या आंतरराष्ट्रीय कोड-यादीतसुद्धा या दोन मोजमापांना वेगळे कोड आहेत, २१६०-० आणि १४६८२-९. नॉर्मल रेंज बदलता येऊ द्या, पण लॅब प्रमुखांच्या मंजुरीने आणि लागू तारखेसह.

औषधांत नाव, स्ट्रेंग्थ, डोस फॉर्म आणि देण्याचा मार्ग ही फील्ड अशीच कुलूपबंद ठेवा. वापरात नसलेल्या औषधाच्या ओळीवर नव्या औषधाचं नाव टाकायची सवय फार घातक आहे. प्रिस्क्रिप्शनमध्ये फक्त आयडी साठवलेला असेल, तर जुन्या रुग्णाच्या नोंदीत त्याला कधीच न दिलेलं औषध दिसू लागतं. पॅक साइजही वरवर निरुपद्रवी वाटते, पण स्ट्रिप १०ची १५ केली की शिल्लक साठ्याचं गणित त्याच क्षणी चुकतं. इन्सुलिन, हेपरिन, पोटॅशियम क्लोराइड यांच्या नोंदींना फार्मासिस्टबरोबर एका डॉक्टरचीही मंजुरी ठेवा. डिलीटचा हक्क मात्र कोणालाच नको.

आता काम अडण्याबद्दल. रात्री मास्टरमध्ये नसलेलं औषध आलं आणि नोंद करायला अधिकृत वाट नसेल, तर लोक एकमेकांचा पासवर्ड वापरतात किंवा ‘इतर’ निवडून औषधाचं नाव शेऱ्यात लिहितात. शेऱ्यातल्या नावावर ॲलर्जीची तपासणी चालत नाही, म्हणजे नियंत्रण वाढवण्याच्या नादात रुग्णाचा धोका वाढतो. ड्युटीवरच्या फार्मासिस्टला तात्पुरती नोंद करण्याचा हक्क द्या. नाव, स्ट्रेंग्थ आणि डोस फॉर्म सक्तीचे ठेवा, ‘आपोआप तपासणी होत नाही’ असा ठळक इशारा दिसू द्या, आणि ७२ तासांत मालकाने ती पक्की केली नाही तर नव्या ऑर्डरसाठी ती बंद होऊ द्या.

सॉफ्टवेअर जुनं असेल आणि फील्डनुसार हक्क देताच येत नसतील, तर मास्टरच्या टेबलवर ट्रिगर (बदल होताच डेटाबेसमध्ये आपोआप चालणारी सूचना) लावून फील्डमध्ये आधी काय होतं, आता काय आहे, युजर आणि वेळ वेगळ्या टेबलात जमा करा. ॲप्लिकेशन एकाच डेटाबेस खात्यातून जोडलेलं असेल, तर ट्रिगरला खऱ्या युजरचं नाव मिळत नाही; ते ॲप्लिकेशनने पाठवावं लागतं. तेही जमत नसेल तर रोज रात्री मास्टरची प्रत काढून आदल्या दिवशीच्या प्रतीशी ताडा आणि फरकांची यादी सकाळी मालकाकडे पोहोचवा. चूक होण्याआधी अडत नाही, पण टिकून राहिलेली चूक दुसऱ्या दिवशी सापडते. ओपनएमआरएस हे मुक्त सॉफ्टवेअर वापरत असाल तर कन्सेप्ट (त्यातल्या तपासण्या, औषधं वगैरेंच्या मूळ नोंदी) लॉक करण्याची सेटिंग त्यात आहेच.

एक्सेलमधून अपलोड करण्याचा हक्क वेगळा काढा, कारण बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ही वाट मंजुरीला वळसा घालून जाते. शिवाय एक्सेल कोडच्या सुरुवातीची शून्यं खातं आणि काही कोडांच्या तारखा करून टाकतं. फाइलमधले कोडचे कॉलम ‘टेक्स्ट’ ठेवा, आधी टेस्ट सिस्टिमवर चढवा, ओळींची संख्या जुळवा आणि मगच खऱ्या सिस्टिमला हात लावा.

दर तीन महिन्यांनी हक्कांची यादी मालकांकडून तपासून घ्या. नोकरी सोडून गेलेल्यांकडे सहसा लक्ष जातं. विभाग बदललेल्यांकडे जुने हक्क तसेच राहतात आणि नवे त्यावर चढतात. सॉफ्टवेअर कंपनीचा लॉगिन कायम चालू ठेवू नका, कामापुरता उघडा.

सुरुवात औषधांच्या मास्टरपासून करा. पहिले दोन आठवडे हक्क न काढता फक्त नोंद ठेवा, म्हणजे रात्री आणि सुटीच्या दिवशी खरोखर कोण कशासाठी बदल करतं ते कळेल. त्या लोकांसाठी तात्पुरत्या नोंदीची वाट उघडली की मग जुने हक्क काढा.