‘अलाय’ म्हणजे मित्र की सोयरा?

तुमचा प्रश्न आहे की इंग्रजीतल्या ‘अलाय’चा (ally) नेमका अर्थ काय आणि तो शब्द आला कुठून.

मी दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यात इंग्रजी शिकवतो. मुलं या शब्दापुढे ‘मित्र’ लिहून मोकळी होतात. त्यांची चूक नाही, इतिहासाच्या पुस्तकात ‘मित्रराष्ट्रे’च छापलेलं असतं. पण या शब्दाचं मूळ मैत्रीत नाही, दोरात आहे. लॅटिनमध्ये ‘लिगारे’ म्हणजे बांधणे आणि ‘अ‍ॅलिगारे’ म्हणजे कशाला तरी बांधून टाकणे. फ्रेंचमधून तो १३०० च्या सुमारास इंग्रजीत आला. हाडं सांधणारं लिगामेंट, क्रिकेटची लीग, धातूंचा अलॉय ही सारी याच दाव्याची गुरं.

मला सगळ्यात भावतं ते पुढचं. इंग्रजीत आला तेव्हा ‘अलाय’चा अर्थ होता लग्नसंबंधानं जोडणे, आणि नाम म्हणून नातेवाईक. म्हणून फळ्यावर मी आधी ‘सोयरा’ लिहितो. आत्याची सोयरीक जमली त्या रात्री आजी म्हणाली होती, “आता बांधल्या गेलो आपन.” आपला ‘बंधू’सुद्धा संस्कृतातल्या ‘बन्ध्’ म्हणजे बांधणे याच धातूचा. दोन्हीकडच्या लोकांना नात्यासाठी दोरच आठवला!

आज वापरताना एवढं बघा: मित्राला करार लागत नाही. ‘अलाय’ म्हटलं की काहीतरी ठरलेलं असतं, कोणासाठी तरी किंवा कोणाविरुद्ध तरी सोबत उभं राहायचं असतं.

आणि बांधणं किती आवळतं, हे आम्हा वऱ्हाड्यांना माहीत असायला हवं. ज्याला आपण तैनाती फौज म्हणतो, म्हणजे इंग्रजांची फौज ठेवून घ्यायची आणि तिचा खर्च आपण द्यायचा, त्या पद्धतीच्या इंग्रजी नावात ‘अलायन्स’ हाच शब्द आहे. हैदराबादच्या निजामानं १७९८ मध्ये तो करार केला. पुढे हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेचा खर्च थकला आणि १८५३ मध्ये त्यापोटी निजामाचं वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेलं. १९०२ मध्ये ते कायमच्या पट्ट्यानं इंग्रजांकडेच राहिलं, वर्षाला २५ लाख रुपयांवर. १९१८ मध्ये इंग्रजांनी निजामाला किताब दिला, ‘फेथफुल अलाय’. वऱ्हाडाचा कारभार मात्र तेव्हाही नागपूरहून इंग्रजच पाहत होते.