अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये कुत्रा घेऊन फेझंटच्या (कोंबडीसारख्या, लांब शेपटीच्या रानपक्ष्याच्या) शिकारीला जायचंय. खासगी रानात शिरायचं कसं आणि पक्षी शोधायचे कुठं?

तुम्ही कॅन्ससमधल्या विचिटा शहरात नवीन, ऑफिसातला मित्र त्याची ब्रिटनी जातीची शिकारी कुत्री घेऊन नोव्हेंबरात पश्चिम कॅन्ससला चला म्हणतोय, आणि तिकडं तर सगळी लोकांची शेतं, असा तुमचा प्रश्न आहे.

आधी एक महत्त्वाचं. एच-वन-बीसारख्या व्हिसावर असाल तर बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्यानं मनाई आहे. वैध शिकार परवाना असला की त्यातून सूट मिळते. तेव्हा परवाना खिशात येईपर्यंत मित्राची शॉटगन ‘जरा बघू’ म्हणूनसुद्धा हातात घेऊ नका.

आता जमीन. राज्यातली ९७ टक्क्यांच्या आसपास जमीन खासगी आहे. पाटी नसली तरी मालकाला विचारावं लागतंच, आणि कुंपणाच्या खांबाला जांभळा रंग फासलेला दिसला तर परवानगी लेखी हवी. नवख्यानं पहिला मोसम ‘वॉक-इन’ रानांत काढावा. १९९५ पासून राज्याचं वन्यजीव खातं शेतकऱ्यांकडून शिकारीपुरती रानं भाड्यानं घेतंय, आज ती १० लाख एकरांच्या वर आहेत. हद्दीवर पाट्या असतात; परवानाधारकानं कुणाला न विचारता आत जायचं, पण पायी. दरवर्षी त्यांचा नकाशा निघतो. त्यावर डोळे झाकून विसंबू नका, कारण दुष्काळी वर्षी सरकार राखीव गवत कापायला मुभा देतं आणि तुम्ही पोचता तेव्हा रानात गवताच्या गाठीच उरलेल्या असतात.

हे राखीव गवत म्हणजे सीआरपी (कॉन्झर्वेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम). १९८५ च्या शेती कायद्यातली योजना: हलकी, धूप होणारी जमीन १० ते १५ वर्षं पिकाबाहेर ठेवायची, गवत लावायचं, सरकार वर्षाला भाडं देणार. फेझंटला निवारा मिळतो तो इथं. पण माझं लक्ष आधी गव्हाच्या धसकटाकडं जातं. जूनमध्ये गहू उंचावर कापलाय, धसकट गुडघ्याला लागतंय आणि मधून तण माजलंय, असं रान दिसलं की गाडी थांबवायची. रुंद पानांच्या तणावर किडे असतात, पिल्लं सुरुवातीला त्यांच्यावरच वाढतात. तणनाशक मारून लख्ख केलेलं धसकट दिसायला देखणं, पक्ष्यांच्या दृष्टीनं मात्र ओसाड. शेजारी ज्वारी उभी असेल तर उत्तमच (हो, कॅन्सस ज्वारीचं मोठं राज्य आहे, भाकरी तेवढी कुणी थापत नाही). गोल फिरणाऱ्या सिंचनाचं पाणी चौकोनी शेताच्या कोपऱ्यांना पोचत नाही. ते माजलेले कोपरेही सोडू नका.

असं रान हेरलं की मालक शोधा. नकाशाच्या ॲपवर नाव मिळतं, पण कसणारा बहुतेकदा दुसराच असतो, आणि तुम्हाला ओळखणार तोच. ऑगस्टात जा. मोसम उघडतो त्या शनिवारी पहाटे दार वाजवणाऱ्याला कोण हो म्हणेल? कुत्र्याला गाडीतच ठेवून एकट्यानं दाराशी जायचं. मला तरी पक्ष्यांबद्दल फारसं कुणी विचारलेलं नाही. ‘कुत्री गुरांच्या मागं लागते का?’ हा पहिला प्रश्न, ‘किती जण येणार?’ हा दुसरा. दोनच माणसं, एक कुत्रं आणि गाडीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी, एवढ्यावर बरीच फाटकं उघडतात. काही रानं मोठ्या रकमेला भाड्यानं गेलेली असतात. तिथं घासाघीस करू नका, पुढं चला.

फाटक उघडं सापडलं तर उघडं, बंद सापडलं तर बंद. नोव्हेंबरात नवा गहू बोटभर उगवलेला असतो, त्यावरून गाडी घातलीत तर पुढच्या वर्षी दार विसरा. दिवसाला ४ नर, मादी अजिबात नाही. पक्षी साफ करायचे ते घरी, पिसं-आतडी शेतकऱ्याच्या बांधावर नकोत.

आणि मित्राला सांगा, कुत्रीच्या पायात बूट घाल. सराटे तिकडंही आहेत.