युगांडाचा रद्द पासपोर्ट सापडला असेल, तर आधी नागरिकत्वाचे कागद पाहा

ताई, आईच्या ट्रंकेत वडिलांचा रद्द केलेला युगांडाचा पासपोर्ट सापडला आणि ‘आपण नैरोबीचे’, म्हणजे शेजारच्या केनियाचे, असे आयुष्यभर सांगणाऱ्या घराने काहीतरी दडवले, असे तुम्ही लिहिले आहे. आमच्याही घरी युगांडाची राजधानी कंपालाचे नाव निघाले की विषय बदलला जाई.

रद्द पासपोर्ट म्हणजे गुन्हा, असा अर्थ कृपया काढू नका. १९७२ मध्ये युगांडाचे लष्करी हुकूमशहा इदी अमीन यांनी आशियाई लोकांना देश सोडायला नव्वद दिवसांची मुदत दिली, तेव्हा युगांडाचे नागरिकत्व घेतलेल्यांचीही पडताळणी झाली आणि ब्रिटिश नागरिकत्व मुदतीत सोडल्याचा पुरावा नसलेले अनेक जण एका शिक्क्यासरशी कोणत्याच देशाचे उरले नाहीत. बायको ब्रिटिश आणि नवरा बेवतन, अशी घरे त्यामुळे फुटली. ती मुलांना घेऊन इंग्लंडला गेली आणि तो संयुक्त राष्ट्रांमार्फत ऑस्ट्रिया, इटली किंवा माल्टातल्या छावणीत. कोणत्या देशाच्या दप्तरात शोधायचे ते यावरून ठरते, म्हणून घर-दुकानाच्या कागदांमागे आधी धावू नये, असे माझे ठाम मत आहे. (मी वकील नाही, हक्क सांगायचा असेल तर जाणकाराला विचारा.)

मालमत्तेच्या बाबतीत आमची वर्षे एका कार्यालयाने खाल्ली. आडनावावरून शोधून ‘नोंद आढळत नाही’ असे एका ओळीत कळवायचे, पुन्हा लिहिले की ‘मूळ मालकाने समक्ष यावे’. मूळ मालक दिवंगत आहेत हे आमच्या पहिल्याच अर्जात लिहिलेले होते. शेवटी निघालेल्या फायलीत वडिलांचे आणि आजोबांचे नाव होते, आडनाव नव्हतेच, आणि फाइल लावलेली होती प्लॉट क्रमांकाने. तो क्रमांक जुन्या भाडेपावतीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेला सापडला. तुमच्या ट्रंकेतला एकही चिटोरा टाकू नका.

घरातले कुणी नाहीसे झाले असेल, तर खुद्द अमीन यांनी बेपत्ता लोकांच्या चौकशीसाठी १९७४ मध्ये नेमलेल्या आयोगाचा आणि मानवी हक्कांच्या उल्लंघनाच्या चौकशीसाठी १९८६ मध्ये नेमलेल्या दुसऱ्या आयोगाचा अहवाल पाहावा. हयात आत्या-काकांना मात्र ‘का लपवले?’ असे विचारू नका. केनियाच्या मोंबासा बंदरापर्यंतच्या आगगाडीत सोबत काय होते, वाटेत सैनिकांनी काय काढून घेतले, एवढेच विचारा, पुढचे ती माणसे आपण होऊन सांगतात. आणि तो पासपोर्ट लॅमिनेट करू नका. पुसट शिक्के तिरप्या उजेडात वाचता येतात, प्लास्टिकखाली नाही.