बेस शिकताना: पहिलं वाद्य, पहिले सूर

बेस गिटार नव्यानं हातात घेतलेल्या किंवा घेऊ पाहणाऱ्या वाचकांची बरीच पत्रं जमली होती. त्यातल्या पाच प्रश्नांना इथे उत्तरं देतो.

प्रश्न : बजेट वीस हजारांच्या आसपास आहे. मित्र म्हणतात, पाच तारांचीच बेस घे, नाहीतर नंतर पुन्हा खर्च होईल. काय करू? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नाशिक)

चार तारांची घे. पाचव्या तारेचा खुला, म्हणजे फ्रेट न दाबता वाजणारा, बी साधारण ३१ हर्ट्झचा असतो. इतका खालचा स्वर स्वस्त वाद्यावर क्वचितच स्वच्छ उमटतो, तार सैल पडल्यासारखी गुरगुरते. शिवाय जी तार वाजवायची नाही ती हातानं गप्प ठेवणं हे बेसवाल्याचं निम्मं काम आहे. ते आधी चार तारांवर जमू दे. लिओ फेंडरनं १९५१ मध्ये आणलेली प्रिसिजन बेस चार तारांचीच होती, जाड तारेकडून बारीक तारेकडे ई-ए-डी-जी अशी लावलेली, आणि आजही बहुतेक गाणी तेवढ्यात मावतात.

यामाहाची टीआरबीएक्स १७४, आयबानेझची जीएसआर मालिका, कोर्टची ॲक्शन मालिका, फेंडरचाच स्वस्त ब्रँड असलेली स्क्वायर, यांपैकी जी हातात बसेल ती घ्यावी. ॲक्टिव्ह-पॅसिव्हचा विचार पहिल्या खरेदीत नको. ॲक्टिव्ह बेसच्या आत आवाज वाढवणारं सर्किट असतं, त्याला बॅटरी लागते आणि वाजवून झाल्यावर केबल काढायला विसरलास तर ती उतरते, इतकं लक्षात ठेवलंस तरी पुरे.

मात्र दुकानात एक गोष्ट नक्की कर. ॲम्पला जोडण्याआधी बेस नुसतीच वाजव. मांडीवर घे, बॉडीच्या वरच्या शिंगाला कान टेकव आणि प्रत्येक तारेवरचा प्रत्येक फ्रेट (वाद्याच्या मानेवरची, म्हणजे नेकवरची, धातूची आडवी पट्टी) सावकाश दाबत वर जा. एखाद्या जागी सूर ‘टक्’ करून मरत असेल किंवा खरखरत असेल, तर दुसरा नग मागून घे. एकाच मॉडेलच्या दोन नगांत असा फरक असतो. मग पट्टा लावून उभा राहा आणि डावा हात सोड. नेक जमिनीकडे झुकायला लागली तर रोज तिचं वजन तुझ्याच डाव्या हातावर येणार, तेव्हा ती घेऊ नकोस.

प्रश्न : मी सहा वर्षं पेटी शिकलो आहे. बेसच्या स्केलची पुस्तकं आणली, पण डोरियन, मिक्सोलिडियन वगैरे नावं आणि ठिपक्यांचे तक्ते बघून गोंधळ उडतो. कुठून सुरुवात करू? (शिक्षक, सांगली)

गुरुजी, तुमची सुरुवात कधीच झाली आहे, फक्त ती बोटांपर्यंत पोचायची आहे. ठिपक्यांचे तक्ते तूर्त बाजूला ठेवा आणि एक गोष्ट पाहा. बेसची प्रत्येक तार ही तिच्या खालच्या तारेचा मध्यम आहे. जाड ई ‘सा’ धरली तर ए ही ‘म’. ए ‘सा’ धरली तर डी ‘म’. सगळी बेस अशी मध्यमानं बांधलेली आहे.

यातून पुढचं आपोआप निघतं. तुमचा सा जिथे असेल, त्याच फ्रेटवर पुढच्या बारीक तारेवर मध्यम. तिथून दोन फ्रेट पुढे पंचम. सा-च्याच फ्रेटवर मागच्या जाड तारेवर मंद्र पंचम. आणि सा-पासून दोन तारा ओलांडून दोन फ्रेट पुढे गेलात की तार सा. पेटीवर पट्टी बदलली की काळ्या-पांढऱ्यांची रचना बदलते, बोटं नव्यानं बसवावी लागतात. बेसवर तसं नाही. गायक पांढरी एक म्हणाला तर सा ए तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, काळी एक म्हणाला तर चौथ्यावर. हात एक घर सरकवायचा, बोटांचा आकार तोच. पेटीवाल्यासाठी ही केवढी मोठी मोकळीक आहे, हे तुम्हाला सांगायला नको.

आता मेजर स्केल, म्हणजे आपला बिलावल. ए तारेचा तिसरा फ्रेट सा, दुसऱ्या बोटानं. पाचवा रे, करंगळीनं. डी तारेवर दुसरा ग, तिसरा म, पाचवा प. जी तारेवर दुसरा ध, चौथा नी, पाचवा तार सा. पहिलं बोट, म्हणजे तर्जनी, दुसऱ्या फ्रेटवर, करंगळी पाचव्यावर, मधली दोन मधल्या घरांवर. हात जागचा हलत नाही आणि सप्तक पूर्ण होतं.

ज्या नावांनी गोंधळ झाला तीही तुमच्या ओळखीचीच आहेत. भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी सहा थाट स्वरांच्या हिशेबानं पाश्चात्त्य मोडशी, म्हणजे स्केलच्या प्रकारांशी, जुळतात. लिडियन म्हणजे कल्याण, मिक्सोलिडियन म्हणजे खमाज, डोरियन म्हणजे काफी, साधा मायनर म्हणजे आसावरी, फ्रिजियन म्हणजे भैरवी आणि मेजर म्हणजे बिलावल. इथे मी जाणून थाट म्हणतो आहे, राग नाही. रागाला चलन असतं, वादी-संवादी असतात, वर्ज्य स्वर असतात. स्केल म्हणजे फक्त स्वरांचा संच. भूप आणि मेजर पेंटॅटोनिक (पाच स्वरांची स्केल) यांचे स्वर एकच आहेत म्हणून पेंटॅटोनिक वाजवली की भूप झाला असं नव्हे, पण बोटं बसवायला ही ओळख पुरते. धानीचे स्वर वाजवलेत की मायनर पेंटॅटोनिक झाली, आणि रॉक-ब्लूजमधल्या कितीतरी बेस लाइन तेवढ्यावर उभ्या असतात.

एक अट मात्र पाळा. प्रत्येक स्वर आधी तोंडानं म्हणा, मग दाबा. तुमचे अलंकार तसेच घ्या, सारेग, रेगम, गमप. तोंडात ग आणि बोटाखाली म आला तर चूक कानाला लगेच कळते. नुसतं ठिपके बघून वाजवणाऱ्याला ती महिनोन् महिने कळत नाही. विद्यार्थ्यांना मी पहिले सहा आठवडे बिलावलाशिवाय दुसरं काही देत नाही. कंटाळतात, पण त्यानंतर काफी सांगितला की पाच मिनिटांत वाजवतात, कारण ग आणि नी कुठे आहेत हे त्यांच्या कानाला ठाऊक झालेलं असतं.

प्रश्न : बारा स्केल पाठ आहेत, वेगही आहे. तरी बँडमध्ये ड्रमर सतत म्हणतो, ‘तू नुसता पळतोस, मला काही ऐकू येत नाही.’ माझं काय चुकतंय? (वय १९, पुणे)

ड्रमरचं ऐक. त्याला बहुधा दोन गोष्टी मिळत नाहीत, रूट (कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाचा, मूळ स्वर) आणि स्वराची लांबी.

समजा गाणं सी, ए मायनर, एफ, जी असं फिरतं आहे. तू चारही ठिकाणी सी मेजरच वर-खाली करतोस. स्वर एकही चुकत नाही, पण कॉर्ड बदलल्याचं कुणाला कळत नाही. आपल्याकडे सा अढळ असतो, तंबोरा तो सांभाळतो. इथे सा मनात तसाच राहतो, पण पायाखालची पायरी दर कॉर्डला बदलते, आणि ती कोणती हे सांगण्याची जबाबदारी बेसची असते. सी आला की समेवर सा. ए मायनरला समेवर ध. एफला म, जीला प. आठवडाभर एवढंच वाजव, दर कॉर्डला एकच स्वर. मग त्यात कॉर्डचे बाकीचे स्वर घाल. सीचे सा-ग-प, ए मायनरचे ध-सा-ग, एफचे म-ध-सा, जीचे प-नी-रे. स्केलमधले उरलेले स्वर हे एका पायरीवरून दुसरीवर जाण्याचे रस्ते आहेत.

आता लांबी. सूर कधी सुरू होतो याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. तो कधी थांबतो याकडे बेसवाल्यानं लक्ष द्यायचं असतं. बास ड्रमच्या (पायानं वाजणाऱ्या मोठ्या ड्रमच्या) ठोक्यावर सूर सुरू कर आणि स्नेअर पडताक्षणी डावं बोट सैल करून तो बंद कर. मग तोच सूर स्नेअरवरून पुढे लांबव. त्याच सुरांची दोन वेगळी गाणी झालेली ऐकू येतील. मेट्रोनोम चाळीसवर ठेव आणि त्याचा ठोका दुसरी व चौथी मात्रा समज. पहिली आणि तिसरी तुझी तुला धरावी लागेल. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य रेकॉर्डवर वाजवणारा जेम्स जेमरसन उजव्या हाताची फक्त तर्जनी वापरायचा. त्याचं वाजवणं हेडफोन लावून ऐक आणि प्रत्येक सूर कुठे सोडलाय ते मोज.

प्रश्न : माझी लेक तेरा वर्षांची आहे, हात लहान आहेत. बेस वाजवायचीच म्हणते. आधी गिटार शिकवावी का? (आई, ठाणे)

नको ताई. जिला बेस ऐकू येते तिला बेसच द्या. बहुतेकांना गाण्यात ती वेगळी ऐकूच येत नाही. तुमच्या लेकीला येते, हे मोलाचं आहे.

नेहमीच्या ३४ इंची (वाजणाऱ्या तारेची लांबी) बेसवर पहिल्या चार फ्रेटचं अंतर जवळजवळ १८ सेंटिमीटर भरतं. ३० इंची शॉर्ट स्केलवर ते १६ च्या आत येतं. पॉल मॅकार्टनींची प्रसिद्ध हॉफनर ३० इंचीच आहे, त्यामुळे ‘ही लहान मुलांची’ असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नका. स्क्वायरची ब्रॉन्को ३० इंची आहे आणि आयबानेझची मिक्रो त्याहून छोटी. दर फ्रेटला एक बोट हा हट्ट खालच्या घरांत धरू देऊ नका. डबल बेसवाले तिथे पहिलं, दुसरं आणि करंगळी अशी तीनच बोटं वापरतात, तिसरं बोट करंगळीला आधार देतं. तिलाही तसंच करू द्या. बोटांची टोकं हुळहुळणं ठीक. मनगट किंवा कोपरापाशी दुखायला लागलं तर त्या दिवशी वाद्य खाली ठेवायचं.

प्रश्न : पावसाळा सुरू झाल्यापासून पहिल्या तीन-चार फ्रेटवर तारा खरखरतात. बेस बिघडली का? (चिपळूण)

बिघडली नाही. नेकला थोडा बाक हवाच असतो, पण दमट हवेत लाकूड फुगतं आणि तो केसभर बदलतो. तुमची नेक बहुधा जास्तच सरळ झाली आहे. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा आणि सातव्या-आठव्यापाशी तारेखाली बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. तार फ्रेटला टेकलेलीच असेल, तर बेससोबत मिळालेल्या पान्यानं ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक ठरवणारी सळी) पाव फेरा सैल करा, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेनं. त्याहून जास्त एका दिवसात नाही. रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा सुरात लावा, पुन्हा कार्ड घालून पाहा. रॉड हलत नसेल तर जोर लावू नका, कारागिराकडे न्या. वाजवून झाल्यावर सुती फडक्यानं तारा खालून-वरून पुसा. कोकणातल्या हवेत न पुसलेली तार गंजते, तिचा आवाज बसतो, आणि मग नव्या चार तारांचा खर्च येतो.